आईला भूल सोसेल का?

सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देते. आई ७९ वर्षांच्या. उजव्या स्तनात तीनेक सेंटीमीटरची गाठ. बायोप्सीत कॅन्सर निघाला, हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे शरीरातल्या हार्मोनवर वाढणारा. काखेत गाठी लागत नाहीत. आयुष्य चुलीपुढे गेल्याने फुप्फुसं अधू झाली आहेत, दोन पंप चालू आहेत. सहा वर्षांपूर्वी स्टेंट बसला, रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या रोज घेतात. सर्जननी स्तन काढायचा सल्ला दिला. भूलतज्ज्ञ म्हणाले, फुप्फुसं पाहता पूर्ण भूल देण्यापेक्षा पाठीत ब्लॉक देऊन तेवढाच भाग बधिर करता येईल. पुण्यातला भाऊ म्हणतो, या वयात चिरफाड नको, गोळ्यांवर ठेवू. शेजारच्या काकूंचं खुब्याचं ऑपरेशन झालं, 'भूल उतरली पण त्या पहिल्यासारख्या झाल्याच नाहीत', हे घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. ब्लॉकखाली ऑपरेशन केलं तर कॅन्सर उलटत नाही, असंही ताईंनी कुठेतरी वाचलंय. 'ब्लॉकच द्या असा हट्ट धरू का?' असं त्या विचारतात. आणि पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ: 'आईला चरबीची गाठ आहे एवढंच सांगितलंय. कॅन्सर हा शब्द तिला सोसणार नाही.'

ताई,

तीस वर्षं भूल देण्याचं काम केलं. लोक सर्जनला विचारतात, 'ऑपरेशन नीट होईल ना?' आणि बाहेरच्या बाकावरून उठून माझ्याजवळ येतात, आवाज उतरवून विचारतात, 'डॉक्टर, उठेल ना?' तुमच्या पत्रात मला तोच आवाज ऐकू आला.

थेट उत्तर आधी देते. हट्ट धरू नका. ब्लॉक तुमच्या आईंसाठी चांगला पर्याय दिसतो आणि त्याचं खरं कारण त्यांची फुप्फुसं आहेत. तुमच्या मनात असलेली बाकीची दोन कारणं, म्हणजे डोक्यावरचा परिणाम आणि कॅन्सरचं उलटणं, तपासून पाहिली तर टिकत नाहीत. आणि पत्रातली शेवटची ओळ तशीच राहणार असेल, तर ब्लॉकखाली हे ऑपरेशन करूच नये, असं माझं मत आहे. तिच्याकडे नंतर येते, पण ती विसरलेली नाही.

वयापासून सुरुवात करू. ७९ हा आकडा ऐकून भावाच्या पोटात गोळा आला, ते मी समजू शकते. पण भूलतज्ज्ञ जन्मतारखेवरून फारसं काही ठरवत नाही. मी विचारते: एक जिना चढताना मध्ये किती वेळा थांबतात? आंघोळ स्वतःची स्वतः करतात? गेल्या सहा महिन्यांत पोलकी सैल झाली का? दूधवाल्याचा हिशेब कोण ठेवतं? ८४ व्या वर्षी शेतावर डबा घेऊन जाणारी आजी आणि ६८ व्या वर्षी पलंग न सोडणारी बाई, दोघी एकाच दिवशी टेबलावर आल्या तर मला दुसरीची काळजी जास्त वाटते. तुम्ही रिपोर्टांची दीड पानं लिहिलीत. आई दिवसभर काय करतात, याची एकही ओळ त्यात नाही. भूलतज्ज्ञांकडे जाताना ती माहिती बरोबर न्या. एकोच्या कागदाइतकीच ती कामाची आहे.

भूल या आजाराच्या वाईटावर आहे, असंही मनातून काढून टाका. पूर्ण भूल देऊन केलेली, नोंद सापडते अशी जगातली पहिली शस्त्रक्रिया स्तनाच्या कॅन्सरचीच होती. १३ ऑक्टोबर १८०४, जपान. हानाओका सेइशू या शल्यवैद्यांनी साठीच्या एका बाईंना धोतरा, बचनाग असल्या वनस्पतींचं औषध पाजून झोपवलं आणि गाठ काढली. बोस्टनमधलं ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक त्यानंतर ४२ वर्षांनी, १८४६ साली झालं. सेइशूंच्या औषधाचा अंमल उतरायला कित्येक तास लागत. आजची औषधं बंद केली की बहुतेक पेशंट थोड्याच मिनिटांत डोळे उघडून नाव सांगतात.

मग तुमच्या भूलतज्ज्ञांना ब्लॉक का सुचला? पूर्ण भुलीत श्वास आम्ही ताब्यात घेतो. घशात नळी जाते, मशीन हवा देतं. धडधाकट फुप्फुसं हे विसरूनही जातात. चुलीच्या धुराने वर्षानुवर्षं सुजलेल्या श्वासनळ्या विसरत नाहीत. नळीने त्या चिडतात, कफ साचतो. वर दुखण्यासाठी मॉर्फिनसारखी औषधं दिली की खोकायची ताकद कमी होते आणि न्यूमोनियाला वाट मिळते. ब्लॉकमध्ये आई स्वतःचा श्वास स्वतः घेतात. दुखण्याची कडक औषधं फारशी लागत नाहीत, मळमळ कमी होते, आणि संध्याकाळी त्या उठून बसून चहा घेऊ शकतात.

ब्लॉक देतात कसा, तेही सांगते, कारण 'पाठीत सुई' म्हटलं की लोकांना बाळंतपणातलं कमरेतलं इंजेक्शन आठवतं. स्तनाची संवेदना प्रामुख्याने दुसऱ्या ते सहाव्या बरगडीच्या मज्जातंतूंमधून येते. हे तंतू पाठीच्या कण्यातून बाहेर पडतात, तिथेच, कण्याच्या एका बाजूला, बधिर करायचं औषध सोडायचं. याला पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक म्हणतात. पेशंटला बसवून उशी कवटाळायला देतात. कातडीवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला की पडद्यावर फुप्फुसाचं आवरण पांढऱ्या रेघेसारखं दिसतं, श्वासाबरोबर ते सरकतं. सुई त्या रेघेच्या अलीकडे थांबली पाहिजे. औषध आत गेलं की रेघ खाली दबते. ती दबताना दिसली की आमचाही अडकलेला श्वास सुटतो. मग वीस-तीस मिनिटं थांबायचं आणि बर्फाने किंवा स्पिरिटच्या बोळ्याने गार लागतंय का, ते तपासायचं. जिथे गार लागत नाही, तिथे ब्लॉक लागला.

याला मर्यादाही आहेत आणि त्या तुम्हाला आधी कळायला हव्यात. छातीच्या स्नायूंचे तंतू मानेकडून येतात, गळ्याच्या हाडाखालच्या कातडीचेही वरून येतात. त्यामुळे ब्लॉक उत्तम लागला तरी सर्जनने स्नायू ओढला की 'ओढल्यासारखं' जाणवतं. तिथे जादा इंजेक्शन किंवा हलकी गुंगी द्यावी लागते. काखेत हात घालायचा असेल तर ते आणखी अवघड. क्वचित ब्लॉक लागतच नाही. क्वचित सुई फुप्फुसाच्या आवरणाला लागते आणि छातीत हवा साठते, आणि ज्यांची फुप्फुसं आधीच अधू त्यांना ते महागात पडतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचाही प्रश्न आहे. आईंच्या दोन गोळ्यांपैकी एक क्लोपिडोग्रेल असेल, तर इतक्या खोल ब्लॉकआधी ती साधारण पाच ते सात दिवस बंद ठेवतात. पण स्टेंट आहे, तेव्हा ती थांबवायची की नाही हे हृदयरोगतज्ज्ञांनी लेखी द्यायला हवं. घरच्या घरी एकही गोळी बंद करू नका. ती थांबवता येत नसेल तर छातीच्या स्नायूंच्या थरांमध्ये देतात तो पेक्स ब्लॉक आहे. २०११ साली स्पेनच्या राफाएल ब्लांको यांनी तो मांडला. तो वरवरचा असल्याने रक्तस्राव झालाच तरी हाताने दाबून आवरता येतो. मात्र एकट्या पेक्सवर पूर्ण स्तन काढणं सहसा जमत नाही, त्याच्या जोडीला हलकी भूल लागते.

हलकी पूर्ण भूल अधिक ब्लॉक, हा मधला रस्ता तुमच्या पत्रात कुठेच नाही आणि बऱ्याच ठिकाणी हाच वापरतात. घशात खोल नळी न घालता वरच्या वर बसणारा मास्क ठेवता येतो, औषधं कमी लागतात. म्हणून हट्ट धरण्याऐवजी भूलतज्ज्ञांना विचारा: 'तुमच्या हाताला रोजची सवय कशाची आहे? ब्लॉक अपुरा पडला तर पुढे काय करायचं ठरवलंय?' दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तयार असलेला माणूस निवडा. नवख्या हाताने हौसेखातर दिलेल्या ब्लॉकपेक्षा मुरलेल्या हाताची पूर्ण भूल मी माझ्या आईसाठी निवडेन.

आणखी एक. ब्लॉकखाली ऑपरेशन म्हणजे तासभर, कधी दीड तास, टेबलावर उताणं आणि स्थिर पडायचं. ज्यांना तीन उशा लागतात, पडल्या पडल्या ढास लागते, गुडघे सरळ होत नाहीत, त्यांच्यासाठी कागदावरचा उत्तम ब्लॉक टेबलावर छळ होतो. याची परीक्षा घरीच घ्या. एका उशीवर, गुडघ्यांखाली लोड ठेवून आईंना पाऊण तास पडायला सांगा. दम किती लागतो, खोकला किती वेळा येतो, ते लिहून ठेवा.

आता शेजारच्या काकू. त्यांचं जे झालं ते खोटं नाही. वयस्कर माणसं ऑपरेशननंतर दोन-चार दिवस बरळतात, माणसं ओळखत नाहीत, हे मी खूप पाहिलंय. काही जणांची आठवण नंतरही मागे पडते. पण दोष फक्त पूर्ण भुलीचा असता, तर कमरेतल्या इंजेक्शनवर केलेल्या ऑपरेशनांनंतर हे व्हायला नको होतं. अमेरिका आणि कॅनडात खुबा मोडलेल्या १,६०० जणांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना कमरेत इंजेक्शन, निम्म्यांना पूर्ण भूल. भ्रम झालेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखं, २० टक्क्यांच्या आसपास होतं. चीनमध्ये ९५० जणांवर झालेल्या अभ्यासातही फरक दिसला नाही. मोडलेलं हाड, वेदना, रक्त जाणं, रात्रीची झोप उडणं, अनोळखी खोली, काढून ठेवलेला चष्मा, हे सगळं मिळून डोकं भरकटतं. स्तनाचं ऑपरेशन शरीराच्या पृष्ठभागावरचं. पोट किंवा खुबा उघडण्याइतका आघात त्यात नसतो. आणि ब्लॉक देऊन वरून झोपेची औषधं भरमसाट दिली तर डोक्याचा बचाव झाला असं मुळीच होत नाही, हेही भूलतज्ज्ञांशी बोला.

कॅन्सर उलटत नाही, हे तुम्ही वाचलंत त्याला एक इतिहास आहे. २००६ मध्ये १२९ बायकांच्या जुन्या नोंदी तपासून एक निबंध आला होता. पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक दिलेल्यांत आजार कमी उलटला, असं त्यात दिसलं. आम्हा भूलतज्ज्ञांना तेव्हा फार हुरूप आला होता, मलाही. मग आठ देशांतल्या १३ रुग्णालयांनी मिळून दोन हजारांहून अधिक बायकांवर नीट चिठ्ठ्या टाकून अभ्यास केला. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो आला. आजार उलटण्याचं प्रमाण दोन्ही गटांत १० टक्के. फरक नाही. तेव्हा या कारणासाठी ब्लॉक मागू नका. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास मात्र तुमच्या कानावर आला असेल, त्याची गल्लत यात करू नका. तिथे ऑपरेशनच्या थोडं आधी गाठीच्या भोवती लिग्नोकेनचं, म्हणजे बधिर करायच्या साध्या औषधाचं, इंजेक्शन दिलं. देशातल्या ११ केंद्रांत सुमारे १,६०० बायका त्यात होत्या. पाच वर्षांनी आजार न उलटता जगणाऱ्यांचं प्रमाण ८२.६ टक्क्यांवरून ८६.६ टक्क्यांवर गेलं. हे इंजेक्शन सर्जन देतात, भूल कुठलीही असो. आईंना ते देता येईल का, एवढं सर्जनना जरूर विचारा.

भावाबद्दल तुम्ही जरा रागाने लिहिलंय. पण त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. हार्मोन पॉझिटिव्ह गाठीत, सत्तरी ओलांडलेल्या बायकांना नुसत्या हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या देणं ही मान्य पद्धत आहे. गोळ्या विरुद्ध ऑपरेशन अशा अभ्यासांत एकूण आयुष्यात ठळक फरक दिसला नाही. फरक दिसतो तो गाठीवरच्या ताब्यात. गोळ्यांवर असलेल्या अनेकींची गाठ काही वर्षांनी पुन्हा वाढू लागते. आईंचं बाकीचं शरीर पाहता त्यांना दोन-तीन वर्षंच आहेत असं डॉक्टरांना वाटत असेल, तर भावाचं बरोबर. पण पाच-सात वर्षं सहज आहेत असं वाटत असेल, तर ८३ व्या वर्षी, आजच्यापेक्षा अधू फुप्फुसांवर, मोठ्या झालेल्या गाठीचं ऑपरेशन करायची वेळ येऊ शकते. दोघं एकत्र जाऊन हाच प्रश्न विचारा. गोळ्या आत्ता सुरू करून, फुप्फुसं सुधारायला दोन-तीन महिने घेऊन मग ऑपरेशन, असंही करता येतं. त्यात भांडायचं कारणच उरत नाही.

शिवाय पूर्ण स्तनच काढायला हवा का, हेही विचारा. गाठीपुरतं ऑपरेशन होत असेल तर भूल आपोआप हलकी होते. मग रेडिएशनच्या खेपांचा हिशेब करावा लागतो, तो सर्जनना घालू द्या. काखेत काही लागत नसेल तर या वयात, अशा गाठीत, काख उघडायची गरज आहे का, हाही रास्त प्रश्न आहे. काख टळली तर ब्लॉकचं निम्मं अवघड काम टळतं.

तारीख ठरली की दोन-तीन आठवडे मिळतील, ते वाया घालवू नका. चूल आजपासून बंद. पंप नीट ओढतात का, ते समोर उभं राहून बघा, कारण बऱ्याच आज्या औषध जिभेवरच मारतात. तीन रंगीत चेंडूंचं श्वासाचं यंत्र औषधाच्या दुकानात मिळतं, ते दिवसातून चार-पाच वेळा. हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी भरून काढा. ऑपरेशनच्या सकाळी पंप चुकवायचा नाही. साधं पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालतं, तुमच्या डॉक्टरांना विचारून द्या. रात्रीपासून कोरडं ठेवून म्हाताऱ्या माणसाला सुकवण्याची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे, तिने रक्तदाब आणि डोकं दोन्ही बिघडतात. नंतर पहिल्या दोन रात्री ओळखीचं माणूस उशाशी हवं. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र शुद्धीवर आल्याबरोबर परत द्या. झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी मागू नका. ब्लॉकचा असर काही तासांनी उतरतो, तेव्हा दुखायची वाट न बघता पॅरासिटामॉल ठरल्या वेळी सुरू असायला हवी.

आता ती ओळ.

बऱ्याच वर्षांपूर्वी ७६ वर्षांच्या एका बाई माझ्या टेबलावर होत्या. असाच ब्लॉक, सुरेख लागलेला. हिरव्या कपड्याच्या या बाजूला त्यांचं डोकं आणि मी. हातात हात घेऊन आम्ही त्यांच्या म्हशीबद्दल बोलत होतो. पलीकडून एका शिकाऊ डॉक्टरने बरणीवर चिठ्ठी लावताना सिस्टरला मोठ्याने विचारलं, 'कॅन्सरचा फॉर्म कुठाय?' माझ्या हातातली बोटं घट्ट झाली. त्यांनी मान वळवून मला विचारलं, 'बाई, कॅन्सर कुणाला झालाय?' वेदनेचा लवलेश नव्हता, रक्तदाब १३० वर होता, आणि मला तोंड उघडता येईना. मुलांनी त्यांना 'दुधाची गाठ' म्हणून आणलं होतं. संमतिपत्रावर मुलाची सही होती आणि ती आम्ही सगळ्यांनी चालवून घेतली होती. त्यात मीही होते. नंतर वॉर्डात त्या मुलांशी नाही, माझ्याशी बोलल्या: 'मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं का?'

ब्लॉकखालचा पेशंट ऐकत असतो. गुंगी असली तरी अधूनमधून ऐकतो. चरबीची गाठ म्हणून टेबलावर गेलेली बाई स्तन गेलेला बघून परत येते, ही फसवणूक मला यापुढे करायची नाही. कायद्यानेही संमती त्यांचीच लागते. सज्ञान, समजत्या माणसाच्या वतीने आईबापांनाही सही करता येत नाही, असं २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात स्पष्ट केलंय.

'तिला सोसणार नाही' हे कुणी ठरवलं, ताई? चुलीपुढे बसून ज्यांनी घर ओढलं त्यांना दोन सुया टोचून झाल्या आहेत, तुम्ही दाराआड फोनवर बोलता हे त्या बघत आहेत, पुण्याचा मुलगा अचानक रोज फोन करतोय. गाठ आधी त्यांच्याच हाताला लागली असणार. सांगताना मोठं प्रास्ताविक नको, सगळं एका दिवशीही नको. विचारतील तेवढं सांगा. विचारलं नाही तर थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा जवळ बसा. 'गाठ चांगली नाही, पण तिच्यावर उपाय आहे, आणि तो कुठला करायचा ते तू सांग', एवढं पहिल्या दिवसाला पुरतं.

ती पाऊण तासाची परीक्षा घ्याल ना, तेव्हाच विचारा. भावाला त्या दिवशी घरी बोलवा, फोनवर नको. आई एका उशीवर पडल्या असतील, घरातला टीव्ही बंद असेल. शेजारी बसून हात हातात घ्या आणि म्हणा, 'आई, तुला ही गाठ कशाची वाटते?' मग त्या काही बोलेपर्यंत दोघंही गप्प राहा, पाऊण तास गेला तरी.